निरोपाची बाकी

परदेशी विद्यापीठात वर्ष-सहा महिने राहून परत येण्याच्या योजनेला आपण 'विद्यार्थी-विनिमय' म्हणतो, कधी 'आदानप्रदान' म्हणतो, घरगुती मराठीत 'देवाणघेवाण' म्हणतो. हे तिन्ही शब्द व्यवहारातले आहेत. इतके दिले, इतके घेतले, हिशेब पुरा झाला, असा त्यांचा ध्वनी आहे. करारनाम्यात तो शोभतो. मात्र मुक्काम संपवून विद्यार्थी निघतो त्या दिवशी हे शब्द तोकडे पडतात. त्या दिवशी यजमान आणि पाहुणा या दोघांनाही जाणवते की हिशेब जुळलेला नाही आणि आता तो जुळवायला वेळही उरलेला नाही. निरोपाची सारी अवघड शांतता या जाणिवेतून येते. ही न जुळलेली बाकी म्हणजे योजनेतला दोष नव्हे. तीच तिची खरी कमाई आहे, आणि विद्यापीठांपेक्षा साहित्याला हे अधिक चांगले उमगले आहे, असे या लेखात मांडायचे आहे.

विनिमयाचा निरोप हा इतर निरोपांहून वेगळा का, हे आधी पाहू. देश सोडून कायमचा जाणारा माणूस परतण्याची तारीख ठरवून निघत नाही. पर्यटकापाशी तारीख असते, पण त्याने कुणाच्या घरच्या जेवणाच्या वेळा पाळलेल्या नसतात, कुणाची भाषा अडखळत बोलून वहीत उतरवलेली नसते. विनिमयाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला दोन्ही येते. जवळीक वाढावी अशीच योजनेची रचना असते आणि ती अमुक दिवशी तुटावी हेही त्याच रचनेत लिहिलेले असते. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात पडून असलेले अमेरिकेचे युद्धसाहित्य विकून आलेल्या पैशातून १९४६च्या कायद्याने फुलब्राइट योजना उभी राहिली. भारताशी तिचा करार १९५० साली झाला. अमेरिकेच्या विनिमय-व्हिसाच्या काही प्रकारांना आजही अशी अट आहे की मुदत संपल्यावर मायदेशी दोन वर्षे राहिल्याखेरीज, किंवा अटीतून रीतसर सूट मिळाल्याखेरीज, तिथे स्थायिक होण्याचा परवाना मिळत नाही. म्हणजे निरोप ही शेवटी येणारी घटना नसून पहिल्या दिवसापासून मान्य केलेले कलम आहे. ज्याला जायचे आहे हे ठाऊक आहे त्याला जीव लावायचा, असा हा करार.

आपल्या परंपरेत विद्यार्थ्याच्या निरोपाला एक निश्चित रूप होते. गुरुगृही शिक्षण संपले की समावर्तन, आणि समावर्तनाबरोबर गुरुदक्षिणा. दक्षिणा दिली की शिष्य मोकळा. ही रीत ऋण फेडण्याची आहे असे आपण धरून चालतो. परंतु या रीतीची सर्वांत प्रसिद्ध कथा नेमके उलटे सांगते. 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गातला कौत्स आपल्या गुरूला, वरतंतूला, दक्षिणा विचारतो. तुझी सेवा हीच दक्षिणा, असे गुरू म्हणतो. कौत्साला ते पटत नाही. तो पुन्हा पुन्हा आग्रह धरतो आणि अखेर संतापलेला गुरू चौदा विद्यांच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागतो. पुढची कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, कारण दसऱ्याला आपट्याचे पान 'सोने' म्हणून देताना हीच गोष्ट सांगितली जाते: सर्वस्व दान करून बसलेला रघू, कुबेराने पाडलेला सोन्याचा पाऊस, हवे तेवढेच घेणारा कौत्स.

या कथेत रघूचे औदार्य आणि कौत्साचा निर्लोभ यांचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. वरतंतूच्या रागाकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. तो पैशासाठी रागावलेला नाही. त्याला ऋण तसेच राहिलेले चालणार होते, नव्हे, तेच हवे होते. 'किती झाले ते सांगा' हा शिष्याचा प्रश्न त्याला बोचला. निघण्याच्या घडीला हिशेब मागणे म्हणजे नाते संपवायला निघणे, हे त्या वृद्धाला कळले होते. चौदा कोटींचा आकडा ही त्या प्रश्नाला दिलेली शिक्षा आहे.

ज्याने असा हिशेब मागितला नाही, फेडलाही नाही, आणि ज्याच्या न फेडण्यातून एक अस्सल निबंध जन्माला आला, त्या विद्यार्थ्याचे उदाहरण विसाव्या शतकाच्या आरंभी सापडते. लू शुन, मूळ नाव झोउ शूरेन, चीन सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९०२ साली जपानला गेला आणि १९०४च्या सप्टेंबरात सेंदाई येथील वैद्यकीय शाळेत दाखल झाला. त्या शाळेत चिनी विद्यार्थी तो एकटाच. आजच्या काटेकोर अर्थाने हा विनिमय नव्हता. वाहतूक एकाच दिशेने होती. शरीररचनाशास्त्राचे अध्यापक फुजिनो गेनकुरो यांनी त्याच्या वह्या मागवून घेतल्या आणि आरंभापासून अखेरपर्यंत तांबड्या शाईने दुरुस्त करून परत दिल्या. त्यात राहून गेलेले मुद्दे भरलेले होते, जपानीच्या व्याकरणाच्या चुकाही सुधारलेल्या होत्या. हे दर आठवड्याला चालू राहिले. एकदा हाताच्या रक्तवाहिनीचे चित्र त्याने जरा देखणे व्हावे म्हणून जागा बदलून काढले, तेव्हा फुजिनोंनी शांतपणे समजावले की ती आहे तिथेच दाखवावी लागते.

हा मुक्काम सुखाचा नव्हता. परीक्षेत लू शुन १४२ विद्यार्थ्यांत ६८वा आला, तर फुजिनोंनी प्रश्न आधीच सांगितले असा संशय काही वर्गबंधूंनी घेतला. शाळेच्या नोंदीनुसार फुजिनोंच्याच विषयात त्याला उत्तीर्ण होण्याइतके गुण नव्हते, हा त्यातला कडवट भाग. पुढे रशिया-जपान युद्धाची चित्रे वर्गात पडद्यावर दाखवली गेली. हेर म्हणून पकडलेल्या चिनी माणसाला जपानी सैनिक ठार मारत आहेत आणि भोवती जमलेले चिनी लोक नुसते पाहत आहेत, असे त्यातले एक चित्र. वैद्यकाने देहाचे रोग बरे होतील, पण या पाहणाऱ्यांचे काय, असा प्रश्न घेऊन १९०६च्या मार्चमध्ये त्याने सेंदाई सोडले.

निरोपाचा प्रसंग 'फुजिनो सेन्सेई' या निबंधात फार थोडक्यात येतो. वैद्यक सोडतो असे तो सांगतो तेव्हा अध्यापकांचा चेहरा उतरतो. ते पाहून तो म्हणतो की आता जीवशास्त्र शिकणार आहे, तुम्ही शिकवलेले उपयोगी पडेल. जीवशास्त्र शिकण्याचा त्याचा काहीही विचार नव्हता. त्यांचे मन राखण्यासाठी केलेली ती बतावणी होती, हे तो स्वतःच नोंदवतो. निघण्याच्या काही दिवस आधी फुजिनो त्याला घरी बोलावतात आणि आपले एक छायाचित्र देतात. मागे दोन चिनी अक्षरे लिहिलेली असतात: 'सेकिबेत्सु', म्हणजे ताटातुटीची हळहळ. तुझेही छायाचित्र पाठव, पत्रे लिहीत जा, असे ते सांगतात. त्याच्यापाशी त्या वेळी स्वतःचे छायाचित्र नव्हते. नंतर त्याने ना छायाचित्र पाठवले, ना पत्र. सांगण्यासारखे काही हातून घडत नव्हते. वर्षे जात राहिली, आणि जितकी अधिक गेली तितके लिहिणे अवघड होत गेले.

परदेशी राहून आलेल्या कुणालाही ही अवस्था ओळखीची वाटेल. पत्र राहून जाते ते विसरल्यामुळे नव्हे. त्या माणसाने आपल्यावर जेवढा विश्वास टाकला, तेवढे आपल्या हातून झालेले नाही, या संकोचामुळे ते राहते. वीस वर्षांनी, १९२६ साली, शियामेन येथे लू शुनने हा निबंध लिहिला. फुजिनोंनी दुरुस्त केलेल्या वह्या एका स्थलांतरात हरवल्या असे त्यात तो खेदाने म्हणतो. त्या वह्या त्याच्या मृत्यूनंतर सापडल्या आणि बीजिंगच्या लू शुन संग्रहालयात ठेवल्या गेल्या, हे त्याला कळायचे नव्हते. छायाचित्र मात्र त्याच्या बीजिंगच्या घरी मेजासमोरच्या भिंतीवर टांगलेले होते. रात्री लिहिताना कंटाळा आला की त्या चेहऱ्याकडे पाहून तो पुन्हा लिहू लागे. ते पत्र त्याने वेळेवर टाकले असते, आभार मानून मोकळा झाला असता, तर हा निबंध लिहिला गेला असता का? मला शंका वाटते.

निघताना केलेल्या त्या बतावणीकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण आपली भाषा निरोपाच्या वेळी रोजच अशी बतावणी करते. घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कुणी चुकून 'जातो' म्हटले तर घरातली वडीलधारी माणसे बजावतात, जातो म्हणू नये. जर्मन आणि फ्रेंच निरोपशब्दांतही पुन्हा भेटण्याचे आश्वासन आहे. जपानीतला 'सायोनारा' मात्र ज्या शब्दांपासून बनला त्यांचा अर्थ 'तसेच असेल तर' एवढाच होतो. त्यात भेटीचे वचन नाही. जे आहे ते मान्य करणे आहे. सेंदाईच्या त्या घरात 'येतो'च्या वळणाची समजूत एका बाजूने घातली गेली आणि दुसऱ्या बाजूने छायाचित्रामागे 'सायोनारा'च्या वळणाचे सत्य लिहून दिले गेले. चांगल्या निरोपाला दोन्ही लागतात. नुसती समजूत पोकळ ठरते आणि नुसते सत्य सोसत नाही.

आता ऋणाची दुसरी बाजू. लू शुन १९३६ साली वारला. फुजिनो तेव्हा फुकुई प्रांतात गावचे डॉक्टर म्हणून काम करत होते. सेंदाईची शाळा विद्यापीठात विलीन झाल्यावर पुरेशी पदवी नाही म्हणून त्यांची नोकरी गेली होती. आपला जुना विद्यार्थी एवढा मोठा लेखक झाला आणि तो आपल्याला गुरू मानत होता, हे कळल्यावर १९३७ साली त्यांनी एक छोटे टिपण लिहिले. लहानपणी एका शिक्षकाकडे चिनी अभिजात ग्रंथ शिकल्यामुळे त्या देशातल्या माणसांशी नीट वागले पाहिजे अशी आपली भावना होती, असे ते सांगतात. आपण दाखवलेला जिव्हाळा अगदी किरकोळ होता असे त्यांना वाटते. छायाचित्र जपले याचा आनंद होतो, पण ते केव्हा आणि कसे दिले हे आपल्याला आठवत नाही, असेही ते लिहितात.

विनिमयाच्या कल्पनेला यापेक्षा मोठा धक्का दुसरा नाही. देणाऱ्याला दिल्याचे आठवत नाही आणि घेणारा ते मरेपर्यंत विसरत नाही. दोन वह्यांतल्या नोंदी मुळातच जुळणाऱ्या नाहीत. शिवाय फुजिनोंनी दिले ते स्वतः चिनी विद्येकडून घेतलेल्या ऋणापोटी दिले होते. म्हणजे लू शुनला जे मिळाले ते त्याच्याच संस्कृतीने कधीकाळी जपानला दिलेल्याचा एक अंश होता. ऋण असे फिरत राहते. ते कोणत्या टप्प्यावर फिटले म्हणायचे?

आपल्याकडच्या एका निरोपाचीही इथे आठवण होते. आनंदीबाई जोशी १८८३च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला आल्या थिओडिशिया कार्पेंटर. या दोघींची ओळख पत्रांतून झालेली. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात परत निघाल्या, आजारी अवस्थेत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. ज्या समाजात रक्षा नदीत सोडतात, त्या समाजातली एक स्त्री परक्या धर्माच्या, परक्या देशातल्या कुटुंबात कायमची सामावली गेली. आनंदीबाईंच्या जीवनावर आपण चरित्रे, कादंबरी, नाटक, चित्रपट सारे केले. परंतु 'पहिली स्त्री डॉक्टर' या बिरुदाखाली ही यजमान-पाहुण्याची कथा झाकून जाते. तिथे देवाणघेवाणीच्या भाषेला बोलायला काही उरत नाही.

या साऱ्यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळता येणार नाही. ऋणाचा असा गौरव करणे धोक्याचे नाही का? शिष्यवृत्ती देणारे देश बहुधा बलाढ्य असतात, घेणारे दुबळे. कृतज्ञता हे सत्तेचे जुने साधन आहे. परदेशातून आलेला विद्यार्थी आयुष्यभर त्या देशाचे गुण गात राहावा, हा हेतू अशा योजनांमागे नसतो असे कोण म्हणेल? आक्षेप खरा आहे, आणि त्याचा पुरावा याच कथेत आहे. 'सेकिबेत्सु' याच नावाची कादंबरी ओसामु दाझाई याने लिहिली. तिचा नायक सेंदाईतला तरुण लू शुन आहे. ती लिहिण्याचे काम युद्धकाळात जपानच्या सरकारी माहिती खात्याच्या आणि देशभक्त लेखक-संघटनेच्या वतीने त्याच्याकडे आले होते. आशियाई राष्ट्रांच्या मैत्रीचा सरकारी सिद्धांत त्यातून लोकांपुढे जावा, ही अपेक्षा. पुस्तक निघाले १९४५च्या सप्टेंबरात, जपानने शरणागती पत्करल्यावर. दोन माणसांमधली हळहळ राज्यसंस्थेला हवी होती.

परंतु लू शुनचा निबंध या सापळ्यात सापडत नाही. त्यात वर्गबंधूंचा संशय आहे, पडद्यावरचे ते चित्र आहे, आणि बांधलेल्या पावलांमुळे चिनी स्त्रियांच्या हाडांची रचना कशी बदलते असे फुजिनोंनी विचारल्यावर आलेला अवघडलेपणाही आहे. ऋण तो एका माणसाचे मानतो, त्या माणसाच्या राष्ट्राचे मानत नाही. यजमान देशावर टीका आणि यजमान माणसाविषयी कृतज्ञता, या दोन्ही एकाच लेखणीने लिहिता येतात, हे तो दाखवतो. निबंधाच्या अखेरीस त्या छायाचित्राकडे पाहून तो जे लिहायला घेतो, तेही कुणाला खूष करणारे लेखन नव्हे. प्रतिष्ठितांना सलणारे लेखन आहे. ऋणाने माणूस मिंधा होतो की धीट होतो, हे ऋण कुणाचे मानायचे यावर ठरते.

आजच्या योजनांकडे वळू. युरोपात १९८७ साली 'इरॅस्मस' योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. पुढे एका विद्यापीठातला अभ्यास दुसऱ्याने मान्य करावा म्हणून १९८९पासून श्रेयांक-हस्तांतरणाची पद्धत आली. आपल्याकडेही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर श्रेयांकांची पेढी उघडली, आणि परदेशी विद्यापीठांशी संयुक्त पदव्यांचे नियम २०२२ साली आले. 'क्रेडिट'साठी आपण 'श्रेयांक' हा शब्द घेतला. बाजारात त्याच शब्दाचा अर्थ उधारी असा होतो. आपण श्रेय घेतले आणि उधारी वगळली. इरॅस्मसच्याच विद्यार्थ्यांवर सेद्रिक क्लापिश याने २००२ साली 'लोबेर्ज एस्पान्योल' हा चित्रपट केला. त्यातला पॅरिसचा झाव्हिए बार्सिलोनात निरनिराळ्या देशांच्या मुलांबरोबर एका घरात वर्ष काढतो. हे वर्ष त्याला सरकारी खात्यातल्या नोकरीसाठी लागते, आणि ती नोकरी त्याला मिळतेही. पहिल्याच दिवशी तो तिथून पळ काढतो आणि लिहायला बसतो. लू शुनने वैद्यक सोडले, याने खाते सोडले. चित्रपट हलकाफुलका आहे, तुलना ताणायची नाही. तरी योजनेच्या हिशेबात न बसणारी बाकी लेखनात उतरते, एवढे दोन्हींकडे दिसते.

आता निरोपच उरलेला नाही, असेही कुणी म्हणेल. विमानतळावरून निघालेला विद्यार्थी घरी पोचण्याआधीच यजमानांच्या गटावर छायाचित्रे टाकतो, दुसऱ्या दिवशी चेहरे पाहून बोलतो. संपर्क राहिला हे चांगलेच आहे. परंतु संपर्कात ताटातूट पुढे ढकलली जाते आणि मग ती कोणत्याही एका दिवशी होत नाही. संदेश विरळ होतात, वाढदिवसापुरते उरतात, आणि नाते कुणाच्या लक्षात न येता संपते. ज्याला निरोप दिलाच नाही त्याची हळहळही वाटत नाही. फुजिनोंची दोन अक्षरे ज्या एका क्षणी लिहिली गेली, तसा क्षण आपल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येऊ द्यावा लागेल.

भाषा-साहित्याच्या शिक्षकांना इथे काही करता येण्यासारखे आहे. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याकडून आपण अहवाल मागतो: काय शिकलास, किती श्रेयांक मिळाले, फायदा काय झाला. आपल्याकडे आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला निघताना शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह देतो, दोन भाषणे करतो. यात वाईट काही नाही, पण ही सारी कौत्साची घाई आहे. दिले-घेतले, आता मोकळे. त्याऐवजी अहवालात एक प्रश्न घालून पाहावा: कुणाचे काय द्यायचे राहिले? उत्तर लगेच मागू नये. वर्षाने मागावे, पाच वर्षांनी मागावे. कुणी पत्र लिहिले नसेल तर ते का लिहिले नाही, हे लिहायला सांगावे. आणि परदेशी पाहुणा आपल्या विभागातून निघेल तेव्हा त्याला 'येतो' हा शब्द शिकवावा, त्याचा शब्दशः अर्थही सांगावा, आणि तो खरा ठरणार नाही हे दोघांनाही ठाऊक असताना तो म्हणायला लावावा.